‘मालिकेत असं नव्हतं!’

वीर स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली की पिशवीतलं पुस्तक बाहेर निघतं. इथून पुढे कोकण रेल्वे एकेरी, त्यामुळे वाचायला वेळ मिळतो. गेल्या खेपेला त्याच नावाच्या टीव्ही मालिकेवरून लिहिलेलं जेम्स ब्लिशचं ‘स्टार ट्रेक’ वाचलं. पानं पिवळी, कडा दुमडलेल्या. मालिकेवरून बेतलेल्या पुस्तकांवर वाचकांचा आक्षेप ठरलेला: मालिकेत असं नव्हतं! पण ब्लिशने १९६७ पासून मालिकेचे भाग कथारूपात लिहिले ते पटकथांवरून. चित्रीकरणात बदललेलं काही त्याच्याकडे जुन्या रूपातच राहिलं. मला तर तेच मोलाचं वाटतं. आपल्याकडे प्रवास उलटा, कथेकडून पडद्याकडे झाला. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेवर चित्रपट निघाला. तुम्हाला कथा भावली की चित्रपट? सविस्तर लिहा, अगदी कडाडून भांडा.