दीड सेकंदाचा हिशेब

चाकूचा धाक दाखवून कुणाला लुटल्याची बातमी आली की चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतोच, ‘मी असतो तर हात मुरगाळला असता!’ आपली तरुण मुलेही हे ऐकत असतात. म्हणून या महिन्यात आम्ही त्या क्षणाचा हिशेबच मांडत आहोत.

दिवा लागताच बटण दाबायचे, एवढ्या साध्या कामालाही निरोगी माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, तेही तो तयारीत बसलेला असताना. पळावे, ओरडावे की हात धरावा, असे पर्याय वाढले की वेळही वाढतो. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये हे प्रयोगातून दाखवले.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडले, की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. प्रशिक्षित पोलिसाला पिस्तूल काढून झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे एकामागे एक लावलेल्या तीन मोटारसायकली. लुटारू तर हाताच्या अंतरावर असतो. तिथे आपल्या वाट्याला दीड सेकंदही येत नाही.

मग वेळ मिळवायचा कुठून? अंतरातून आणि आधीच केलेल्या निश्चयातून. सोलापुरात पगार घेऊन निघालेले यंत्रमाग कामगार, मजुरी घेऊन परतणाऱ्या बिडी कामगार भगिनी, रमजानमध्ये विजापूर वेशीच्या मीना बाजारातून रात्री उशिरा निघणारी कुटुंबे, या सर्वांनी हे लक्षात ठेवावे. रस्त्यात पैसे मोजू नयेत. अनोळखी माणूस पत्ता विचारत अंगाशी येऊ लागला, तर दोन पावले मागे सरून बोलावे. शस्त्र दिसले की पिशवी एका बाजूला टाकावी आणि दुसऱ्या बाजूला, माणसांच्या दिशेने निघून जावे. मग ११२ वर फोन करावा.

भारतीय न्याय संहितेने जीव आणि मालमत्ता यांच्या बचावाचा हक्क दिला आहे; मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा नाही. सामान देऊनही कोणी जिवावर उठला आणि सुटायला वाट नसेल, तर सर्व शक्तीने झुंजावे. पण मोबाइलसाठी चाकूवर हात टाकणे हा शहाणपणा नव्हे. इमाम गझाली यांनी शरीअतने जपलेल्या पाच गोष्टी सांगितल्या, त्यांत जीव दुसरा आणि माल शेवटचा आहे.

अडचण बहुधा घरातलीच असते. हप्त्यावर घेतलेला फोन गेला तर अब्बा काय म्हणतील, या धास्तीने मुलगा तो घट्ट धरून ठेवतो. तेव्हा आज दस्तरखानावर मुलामुलींना एवढे स्पष्ट सांगून टाका: ‘कोणी अडवले तर देऊन टाक आणि घरी ये. आम्ही रागावणार नाही.’