दोन द्रौपदी आणि एक पंक्तिभेद

वाचकहो, फराळाच्या ताटात थोडे तिखटही असावे, म्हणून विचारतो. ‘गायक-नट’ ही पदवी आपण कोणाला देतो? बालगंधर्वांना, केशवराव भोसल्यांना, मास्टर दीनानाथांना. योग्यच आहे! मग विठ्ठल उमपांना का नाही? त्यांच्या वाट्याला ‘लोककलावंत’! मोठा सोयीचा शब्द. माणसाच्या गळ्यात हार घालायचा आणि त्याला ओटीवरच बसवायचे.

१९२० साली खाडिलकरांच्या ‘संगीत द्रौपदी’त बालगंधर्व द्रौपदी झाले. त्यातल्या मयसभेच्या थाटाच्या गोष्टी आपण अजून मिटक्या मारीत सांगतो. इकडे ‘जांभूळ आख्याना’त उमप द्रौपदी झाले. कर्णाला पाहून या द्रौपदीचे मन डळमळते. तुटलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून ज्याने त्याने मनातले खरे बोलायचे, असा कृष्णाचा डाव. आणि पतिव्रता म्हणून पूजिलेल्या त्या बाईला पाचही नवऱ्यांदेखत कर्णाचे नाव घ्यावे लागते. सत्तरीचा शाहीर हे गाता गाता बोलू लागे, बोलता बोलता लाजे, आणि समोरच्यांना त्याच्या वयाचा विसर पडे. दोहोंतली अवघड द्रौपदी कोणती? मी तर म्हणेन, दुसरी!

यावर आमचे रसिक म्हणतील, बालगंधर्वांना भास्करबुवा बखल्यांची तालीम होती. होती ना! पण १९३१ साली मुंबईत नायगावला जन्मलेल्या या माणसाने भीमगीत, कव्वाली, कोळीगीत, भारूड, पोवाडा एकाच गळ्यातून काढले, त्याला तालीम नाही तर काय म्हणायचे? ‘टिंग्या’सारख्या चित्रपटातही ते दिसले. अमर शेखांचेही तेच झाले. १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये त्यांनी काम केले, १९६९ साली इंदापूरजवळ अपघातात ते गेले, आठवण उरली ती फक्त डफाची.

आणि रसिकता म्हणजे नाट्यगृहातली खुर्ची, असे ज्यांना वाटते त्यांनी १ जानेवारीला कोरेगाव भीमाला यावे. १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ नदीपलीकडे, पेरण्याच्या हद्दीत आहे. १९२७ साली डॉ. आंबेडकर तिथे आले होते. २०१८ च्या दंगलीपासून शहरी माणसाला हे गाव तेवढ्या एका बातमीपुरतेच ठाऊक. पण त्या दिवशी नगर रस्त्यावर माणसांची रीघ असते, पुस्तकांची दुकाने लागतात, भीमगीते चालू असतात. लेकरे खांद्यावर घेऊन लोक उभ्याने ऐकतात. तिकीट नाही, मध्यंतर नाही, बटाटेवडाही आपापला! या श्रोत्यांना गाण्यातले कळत नाही, असे कोणी त्यांच्यासमोर म्हणून दाखवावे.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच उमप कोसळले आणि गेले. नटाला रंगमंचावर मरण आले की आपण त्याला भाग्य म्हणतो. त्या दिवशी किती घरांत तसे म्हटले गेले?