शहापूर : तुमच्या नळाचं माहेर

सकाळचे सव्वासात. डोळे अर्धे मिटलेले, तोंडात ब्रश, नळ सुरू. आठ-बाराची फास्ट पकडायचीय. अशा वेळी नळातून येणारं पाणी कुठून येतं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. पडायचं कारणही नाही म्हणा. पाणी गेलं की मगच तो पडतो आणि तोही सोसायटीच्या सेक्रेटरीला!

तरी एक छोटीशी टेस्ट घेऊया. मध्य रेल्वेवाल्यांनो, इंडिकेटरवर ‘एन’ किंवा ‘एएन’ दिसलं की तुम्ही काय करता? ‘ही नको, कसाऱ्याची आहे, फार गर्दी असते’ म्हणून पुढची गाडी बघता. बरोबर? ‘एएन’ म्हणजे आसनगाव आणि ‘एन’ म्हणजे कसारा. कल्याणनंतर या गाडीत कोण उरतं, ती जाते कुठे, तिथे काय आहे, याचा विचार आपण केलेला नसतो. या वेळच्या भटकंतीत आपण त्याच गाडीत शेवटपर्यंत बसून राहणार आहोत. उतरायचं आसनगावला. तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर शहापूर.

आता नीट ऐका. या आडबाजूच्या तालुक्याचं आणि तुमच्या बाथरूमचं अगदी जवळचं नातं आहे.

सगळ्यांच्या वाटेवरचं गाव

शहापूरला पोचल्यावर पहिल्यांदा वाटतं, यात बघण्यासारखं काय आहे? एक बाजारपेठ, एसटी स्टँड, तहसील कचेरी, वडापावच्या गाड्या, खतांची आणि मोबाइलची दुकानं. पण जरा मान वर करा. पश्चिमेला माहुलीची भिंत उभी आहे. वजीर नावाचा तो सरळसोट सुळका हायवेवरूनही दिसतो. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग. मधे भातखाचरं, साग-पळसाची जंगलं आणि त्यांच्यातून वाहणारी भातसा नदी. कोकण संपून घाट सुरू होतो तो उंबरठा म्हणजे हा तालुका.

उंबरठ्याचं एक असतं. त्यावरून सगळे जातात, थांबत कुणी नाही.

माहुलीचा इतिहासही असाच धावपळीचा. हा ठाणे जिल्ह्यातला एक उंच किल्ला, सुमारे २,८१५ फूट. पळसगड, माहुली आणि भंडारगड असा तिघांचा जोडकिल्ला. १६३६ साली शहाजीराजे निजामशाहीच्या छोट्या वारसाला घेऊन इथे आले. मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांनी गडाला वेढा घातला. शेवटी गड द्यावा लागला आणि त्याबरोबर निजामशाहीच संपली. म्हणजे एका राज्याचा शेवटचा अंक या डोंगरावर झाला, हे आपल्याला शाळेत एका ओळीत सांगितलं आणि आपण ते परीक्षेनंतर विसरलो. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना माहुली मोगलांना द्यावा लागला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला.

मग इंग्रज आले आणि त्यांची रेल्वे आली. १८५५ मध्ये ती कल्याणहून वाशिंदला पोचली, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला. पुढे थळ घाट. तो फोडून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. हा चढ इतका खडा आहे, की कसाऱ्याला लांब पल्ल्याच्या गाड्यांना जास्तीची इंजिनं लावावी लागतात. त्यांना बँकर म्हणतात. त्या वेळच्या हजारो मजुरांच्या कष्टावर तुमची नाशिकची ट्रिप आजही चाललीय.

रेल्वेच्या जोडीला मुंबई-आग्रा महामार्ग होताच. आता समृद्धी महामार्गही आला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. कसाऱ्याजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. गाडी सुसाट जाते आणि शहापूर खिडकीतून मागे पडतं.

आणि पाणी?

या गावांमधून सगळ्यात जास्त काय जात असेल तर ते पाणी.

तानसा धरण शहापूर तालुक्यातलं. १८९२ साली पूर्ण झालं. दगडी बांध, लांबी पावणेतीन किलोमीटरहून जास्त. तिथून निघालेले ते अवाढव्य पाइप तुम्ही मुलुंड-भांडुपकडे नक्की पाहिलेत. बऱ्याच जणांनी लहानपणी त्यावरून चालण्याची पैजही लावली असेल. त्यानंतर १९५० च्या दशकात वैतरणेवर मोडकसागर झालं. आणि मग भातसा.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता आहे १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातलं एकट्या भातसाचं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. हिशेब करा, जवळपास निम्मं! भातसाचं पाणी नदीतूनच खाली सोडतात. ते पिसे इथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते तुमच्या टाकीत येतं. म्हणजे तुमच्या कॉफीच्या दोन कपांपैकी एक कप शहापूरचा. आता कळलं नातं?

आता याची दुसरी बाजू. ती मला कुठल्या पुस्तकात नाही, मे महिन्यातल्या एका रविवारी कळली.

आम्ही सहाजण माहुलीहून उतरलो होतो. मेमध्ये ट्रेक करणं हा शुद्ध वेडेपणा, पण ऑफिसमध्ये कुणीतरी पैज लावली आणि आम्ही निघालो. परत येताना रस्ता चुकलो, बाटल्या संपल्या. एका पाड्यावर पोचलो. विहिरीभोवती हंडे, कळश्या आणि निळी पिंपं रांगेत मांडून ठेवलेली. रांगेत माणसं कमी आणि भांडी जास्त. विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी. ते झऱ्याचं नव्हतं. टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि मग बायका ते दोरीने शेंदून काढतात.

मी विचारलं, “मावशी, थोडं पाणी मिळेल?”

“मिळेल की. आज टँकर येऊन गेला. काल आला असतात तर नसतं दिलं.” त्यांनी घरातून तांब्या भरून आणला. “कुठनं आलात?”

“मुंबईहून.”

“मग काय, आमच्याकडचंच पाणी पिता तुम्ही,” असं म्हणून त्या हसल्या. बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच सांगते. त्यांनी सगळ्यांच्या बाटल्या भरायला लावल्या. आम्ही अर्ध्याच भरल्या. पुढे गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी अंघोळ बादलीने केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शॉवर. खोटं कशाला बोलू?

पाऊस धो-धो, तरी टँकर का?

ऑफिसात हे सांगितल्यावर पहिला प्रश्न हाच आला. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैमध्ये छत्री उघडायची सोय नसते. मग पाणी जातं कुठे?

एक तर खाली काळा कातळ आहे. तो पाणी मुरू देत नाही. पाऊस आला तसा उतारावरून नदीत आणि नदीतून धरणात. विहिरी फेब्रुवारी-मार्चपासून तळ दाखवायला लागतात. दुसरं, बरेचसे पाडे धरणाच्या पातळीपेक्षा उंचावर, डोंगराच्या कुशीत आहेत. धरण खाली डोळ्यांना दिसतं, पण तिथलं पाणी वर चढवायला पंप, पाइप, वीज आणि तिचं बिल भरणारं कुणीतरी लागतं. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. ही धरणं मुळात शहरासाठी बांधली. पाणी वाटताना गावं हिशेबात शेवटी आली. भातसाच्या कालव्याखालच्या काही गावांना त्याचा फायदा झाला, उन्हाळ्यात तिथे हिरवं दिसतं. पण वरच्या पाड्यांना कालव्याचा काय उपयोग?

इगतपुरीच्या बाजूच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना शहापूरसाठी मंजूर झालीय. घाटावरून पाणी आपसूक खाली येईल, पंपाचा खर्च नाही, कल्पना झकास आहे. पाड्यावरच्या मावशींना मात्र नकाशा नकोय, नळ हवाय.

एक गणित सांगते. मुंबईला रोज जवळपास चार हजार दशलक्ष लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोजचे चार लाख टँकर! त्या पाड्याला दोन दिवसांआड एक येत होता.

पाणी नसलं की बाकीचंही हलतं. भात निघालं, दिवाळी झाली की कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात. पोरांच्या शाळेचं वर्ष अर्ध्यावर सुटतं. पाऊस जवळ आला की सगळे परततात. जी घरं मागे राहतात, तिथल्या पोरी सकाळी हंडा घेऊन आधी विहिरीवर जातात, मग शाळेत. आणि तालुक्यातली आपल्या वयाची मुलं? ती पहाटेची लोकल पकडून मुंबईत कामाला येतात. अडीच तास जायला, अडीच तास यायला. कदाचित तुमच्या शेजारच्या डेस्कवर असतील.

शेजारचं मुरबाड

शहापूरच्या दक्षिणेला मुरबाड. इथे ‘एन’ नाही, कुठलीच लोकल नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेला मंजुरी आहे, गाडी अजून नाही. पण रस्ता म्हणाल तर दोन हजार वर्षांचा जुना. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातला माल याच भागातून नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण. ट्रेकची सुरुवात मुरबाडच्या वैशाखरे गावाजवळून होते.

याच तालुक्यात सिद्धगड आहे. १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला जमतात. थर्टी फर्स्टचा हँगओव्हर उतरला असेल तर कधीतरी जाऊन या.

पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा असते. बैलांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्या मिळतात. मॉलमधल्या थ्रोपेक्षा ती घोंगडी कितीतरी जास्त टिकते, स्वानुभव!

आणि हो, शहापूरचं ऐकून उल्हासनगर-अंबरनाथ-मीरा रोडवाल्यांनी हसू नका. तुमच्याकडे एमआयडीसीमार्फत येणारं पाणी बारवी धरणाचं. त्याची उंची वाढवली, २०१९ मध्ये त्या वाढीव पातळीपर्यंत पाणी भरलं आणि मुरबाड तालुक्यातली काही गावं-पाडे त्याखाली गेले. मुरबाडच्या काळू नदीवरही धरण बांधायचा घाट घातला गेला. गावकऱ्यांनी विरोध केला आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम थांबवलं होतं. शहर वाढतंय, तहान वाढतेय आणि नजर पुन्हा याच डोंगरांकडे.

जाणार असाल तर...

जा, जरूर जा. ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम. माहुलीला जायचं तर आसनगावला उतरा, तिथून पायथ्याचं माहुली गाव साधारण पाच किलोमीटर. पहाटेची कसारा पकडली तर संध्याकाळी घरी. पावसाळ्यात माळशेजला जायचं असेल तर आधी बंदी आहे का ते बघा आणि सेल्फीसाठी कठड्यावर चढू नका. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर नावच काढू नका.

उन्हाळ्यात गेलात तर पाणी घरून न्या. माणशी तीन लिटर. पाड्यावरची माणसं मागाल तर देतील, हाच तर प्रॉब्लेम आहे. प्लास्टिकच्या बाटल्या परत आणा. हायवेवर बायका पळसाच्या द्रोणात करवंदं, जांभळं विकतात. ती घ्या, घासाघीस न करता.

आणि ‘मुंबईपासून फक्त दीड तास’ अशी सेकंड होमची जाहिरात बघून कुणी वाशिंद-आसनगावला फ्लॅट बघत असेल तर ब्रोशरमधला स्विमिंग पूल बघायच्या आधी एकच प्रश्न विचारा. पाणी कुठलं? उत्तर ‘बोअरवेल’ असेल तर मेमध्ये पुन्हा जाऊन बघा.

दर उन्हाळ्यात पेपरात तलावांच्या साठ्याचा तो चौकोन येतो. दहा टक्के कपात म्हटलं की आपण आधी सेक्रेटरीला फोन लावतो. या वेळी तो चौकोन जरा नीट वाचा. भातसा, तानसा, मोडकसागर... ही फक्त तलावांची नावं नाहीत. त्यांच्या काठावर राहणारे लोक त्याच उन्हाळ्यात टँकरची वाट बघत असतात. ते आठवलं तर दात घासताना नळ बंद करायला फार कष्ट पडत नाहीत. त्याने पाड्यावर पाणी पोचणार नाही, हे मलाही कळतं. पण भावलीचं पाणी पोचलं का, नवं धरण कुणाच्या शेतावर येतंय, हे विचारणारे शहरातही कुणी असले पाहिजेत ना? सुरुवात नळापासून करूया.