कागद नाकारणाऱ्यांनीच आता भाव लावलाय



नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत एका लिलावात चित्रांचं एक जुनं पुस्तक विकलं गेलं. १९३९ सालचा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक. तेव्हा किंमत १० सेंट. आता ९१ लाख २० हजार डॉलर. आपल्या रुपयात ऐंशी कोटींच्या घरात. तीन भावांना आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली सापडलेला हा माल. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, १९३८ चा, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, तो ६० लाख डॉलरला गेला.

बातमी वाचून आपल्यातल्याच काही पोरांचे डोळे पांढरे झाले. राव, आपल्याकडं पण असलं काही पडलं असेल का, असं एकानं मला विचारलं. तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं. कारण ज्यांच्या घरात माळाच नव्हता, त्यांच्या माळ्यावर काय सापडणार?

आधी या धंद्याची गोम समजून घ्या. बाजार म्हणतो, वस्तू दुर्मिळ म्हणून महाग. साफ खोटं. दुर्मिळ असणं आणि महाग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधली जी फट आहे तिच्यात सगळं राजकारण दडलंय.

१९३८ चा अंक दुर्मिळ का झाला? छापला होता दोन लाखांच्या आसपास. आज शंभरेक उरले असतील असा जाणकारांचा अंदाज. बाकीचे गेले कुठं? पोरांनी वाचले, फाडले, एकमेकांना दिले, आयांनी कचऱ्यात टाकले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शाळेतली पोरं घरोघर फिरून रद्दी गोळा करायची, लढाईला कागद हवा म्हणून. त्यात गाड्याच्या गाड्या कॉमिक्स गेली. १९४८ च्या सुमारास गावोगाव भल्या माणसांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या, पोरं बिघडतात म्हणून. म्हणजे ही टंचाई हयगयीतून, युद्धातून, सोवळेपणातून झालेली. माल भरपूर होता, टिकला नाही इतकंच.

आता दुसरी टंचाई बघा. हिच्याबद्दल लिलाववाले गळा काढत नाहीत.

१९४७ साली फिलाडेल्फियात ऑरिन क्रॉमवेल इव्हान्स नावाचा एक काळा पत्रकार होता. गोऱ्यांच्या दैनिकात नोकरी करणारा, त्या काळात अशी माणसं बोटावर मोजण्याएवढी. त्याचा पेपर, ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’, त्याच वर्षी बंद पडला. इव्हान्सनं ठरवलं, काळ्यांनी लिहिलेलं, काळ्यांनी काढलेलं, काळ्या वाचकांसाठीचं कॉमिक काढायचं. जून १९४७ मध्ये ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. ४८ पानं, किंमत १५ सेंट. इतरांपेक्षा पाच सेंट जास्त, कारण मोठ्या भांडवलाची मेहेरबानी पाठीशी नव्हती. आत एस हार्लेम नावाचा काळा डिटेक्टिव्ह. आणि लायन मॅन, कॉलेज शिकलेला काळा शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रसंघानं त्याला आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर पाठवलेलं, कशासाठी, तर जगातला सगळ्यात मोठा युरेनियमचा साठा लुटारूंपासून राखायला. विचार करा, हिरोशिमाला दोन वर्षं झालेली नाहीत, गोल्ड कोस्टवर अजून इंग्रजांचं राज्य आहे, आणि हा माणूस पंधरा सेंटच्या पुस्तकात आफ्रिकेची खनिजं कोणाची, असा प्रश्न टाकतो. लायन मॅन काढणारा जॉर्ज इव्हान्स हा ऑरिनचाच भाऊ.

दुसरा अंक तयार होता. निघाला नाही. का? कागद मिळाला नाही. पहिल्या अंकाला ज्यांनी कागद विकला त्यांनीच दुसऱ्याला नकार दिला. पैसे घेऊन गेलेल्या माणसाला दुकानदार म्हणाला, माल नाही. ही भाषा आपल्याला शिकवायला लागत नाही. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात रोख पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं छापली नव्हती, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. तिथं जागा नाही, इथं कागद नाही. पैसे असले तरी तू गिऱ्हाईक नाहीस.

म्हणजे एक टंचाई फेकून दिल्यानं झालेली आणि दुसरी गळा दाबून केलेली. बाजाराच्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात बसतात, ‘दुर्मिळ’. ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ची प्रत आज हजारो डॉलरला जाते, आणि यादीत तिच्यापुढं लिहितात, अतिशय दुर्मिळ, संग्राहकांसाठी सुवर्णसंधी. अरे, ज्याला तुम्ही संधी म्हणता तो खुनाचा पंचनामा आहे! दुसरा अंक मारला म्हणून पहिल्याला भाव आला.

आणि तो भावसुद्धा लगेच आला नाही. दुर्मिळ तर तो पहिल्या दिवसापासून होता, मग कितीतरी वर्षं त्याला कोण विचारत होतं? इथं मघाची फट पुन्हा बघा. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटनं जुन्या कॉमिक्सच्या भावाची छापील वही काढली. तोवर ३८-४० साली सुपरमॅन वाचणारी पोरं चाळिशीला आलेली, नोकऱ्या लागलेल्या, घरं झालेली. त्यांना आपलं बालपण विकत घ्यायचं होतं आणि खिशात पैसे होते. भाव चढला. म्हणजे भाव लागतो तो आठवणीला, आणि आठवण पण कुणाची, तर खिसा ज्याचा भरला त्याची. हार्लेममध्ये जे पोर एस हार्लेम वाचून रात्री झोपलं नाही, त्याच्या आठवणीला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. चाळिशीत तो पोरगा लिलावाच्या हॉलमध्ये नव्हता, हॉल झाडायला असेल कदाचित.

याच बाजाराची दुसरी गंमत ऐका. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनला मारल्याचा अंक आला, काळ्या पिशवीत बंद करून. लोकांनी रांगा लावून पाच-पाच, दहा-दहा प्रती घेतल्या. वाचायला नाही, पुढं विकायला. लाखांनी खपला. १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक तर ८० लाखांवर छापलेला. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर दुर्मिळ काय राहणार, कप्पाळ? फुगा फुटला, हजारो दुकानं बुडाली, १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल दिवाळखोरीत गेली. वस्तू वापरायची नाहीच, नुसती धरून बसायची, हा रोग कुठवर नेतो त्याचं हे उत्तम उदाहरण. मला त्या बुडालेल्यांची फारशी दया येत नाही.

बरं, हे जे कोट्यवधी डॉलर फिरतात त्यातलं घाम गाळणाऱ्याला काय मिळालं? जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलंडची दोन गरीब ज्यू पोरं. १९३८ साली सुपरमॅनचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले. एकशेतीस! पुढं आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या. शुस्टरची नजर गेली. १९७५ साली, सिनेमा येणार आणि बोंबाबोंब होणार म्हटल्यावर, कंपनीनं वर्षाला २० हजार डॉलरची पेन्शन बांधून दिली आणि अंकावर नाव छापायचं कबूल केलं. आणि खरा तमाशा पुढं आहे. त्या १३० डॉलरचा जो चेक होता, बाकीची मजुरी धरून ४१२ डॉलरचा, तो २०१२ साली लिलावात निघाला. एक लाख ६० हजार डॉलरला गेला. पोरांना नाडल्याचा पुरावा नाडलेल्या रकमेच्या हजारपटीनं महाग! शोषणाची पावतीसुद्धा हे लोक फ्रेम करून विकतात. मार्क्स असता तर त्याला यावर आणखी एक प्रकरण लिहावं लागलं असतं.

आता आपल्या नावाच्या भानगडीकडं येतो.

‘फँटॅस्टिक फोर’चा ५२ वा अंक, जुलै १९६६. त्यात ब्लॅक पँथर पहिल्यांदा आला, वाकांडाचा राजा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी केलेला. त्याच ऑक्टोबरात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. पार्टीनं नाव कॉमिकवरून घेतलं नाही, अलाबामातल्या लाउंड्स काउंटीच्या काळ्या मतदारांच्या निशाणीवरून घेतलं. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव छातीवर लावलं. त्याच १९७२ साली न्यूयॉर्कात मार्व्हल कंपनी काय करत होती? घाबरून आपल्या हिरोचं नाव ‘ब्लॅक लेपर्ड’ करत होती! पँथर म्हटलं की राजकारणाचा वास येतो म्हणून. इकडं कामाठीपुरा-वरळीची पोरं पँथर व्हायला लाठ्या खातात, आणि तिकडं कागदावरचा पँथर बिबट्या होऊन लपतो. थोड्याच दिवसांत पुन्हा पँथर झाला म्हणा, धोका टळल्यावर.

२०१८ ला सिनेमा आला, जगभर गल्ला जमला, आणि त्या ५२ व्या अंकाचा भाव आभाळाला भिडला. ज्या नावाची १९७२ ला लाज वाटली त्या नावावर आता बोली. कर्बीचं काय? त्यानं मार्व्हलसाठी काढलेली मूळ पानं दहा हजारांवर होती. भांडून भांडून १९८७ साली दोन हजारांच्या आसपास हातात पडली. बाकीची कुणाकुणाच्या भिंतीवर आहेत ते भिंतींना ठाऊक.

आणि लोबो? १९६५ साली डेल कंपनीनं काढलेला काळा काउबॉय, स्वतःच्या नावाचं कॉमिक मिळालेला पहिला काळा नायक. विक्रेत्यांनी गठ्ठे न उघडताच परत पाठवले, असं त्याचा चित्रकार टोनी टॅलारिको पुढं सांगायचा. मुखपृष्ठावर काळा चेहरा दिसला, बस्स. दोन अंकांत खलास. आता तोही ‘दुर्मिळ’.

१९५६ ची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे. कॉमिक्स कोडच्या साहेबानं ईसी कंपनीच्या एका कथेतल्या शेवटच्या चित्रातला अंतराळवीर काळा नको म्हणून अडवलं. कथा वंशभेदाविरुद्धची, आणि शेवटी शिरस्त्राण काढल्यावर माणूस काळा निघतो हाच तिचा जीव. मालक बिल गेन्स बधला नाही, काळा चेहरा तसाच छापला, आणि कंपनीचं ते शेवटचं कॉमिक ठरलं. (आणि ज्या डॉ. वर्थॅमच्या बोंबेमुळं हा कोड आला, तो हार्लेममध्ये काळ्यांसाठी मनोविकाराचा दवाखाना चालवायचा, मार्क्सचा जावई लाफार्ग याच्या नावाचा! माणूस सरळ नसतो, हे लिहून ठेवतो आणि पुढं जातो.)

आता सगळ्यात मोठी चीड आणणारी गोष्ट. २००० सालापासून अमेरिकेत कंपनी आहे, सीजीसी. तुमचं कॉमिक घेणार, १० पैकी गुण देणार आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करणार. डबी फोडली की गुण गेले, भाव पडला. म्हणजे वाचलं की किंमत मेली! अक्षर वाचायला बंदी हा धर्म आम्ही दोन हजार वर्षं भोगला, यांनी तो प्लॅस्टिकमध्ये आणला. मुंबईत एका मेळाव्यात मी असली डबी पाहिली. पुढं वाकलो तर पोऱ्या म्हणाला, “भाऊ, हात नका लावू.” मी म्हटलं, “आत काय गोष्ट आहे रे?” तो म्हणाला, “ते माहीत नाही. नाइन पॉइंट फोर आहे.” त्याचा काय दोष! मालकानं सांगितलं तेवढंच तो बोलला.

आपल्याकडं हे वारं लागलंय. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला निघाली, १९९० ला बंद पडली. माझ्या बापानं त्यातला वेताळ वाचला तो रद्दीवाल्याच्या दुकानात, उभ्या उभ्या, विकत न घेता. आता त्या जुन्या अंकांना हजारांत भाव मागतात. कशाला? जंगलातल्या काळ्या लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या राज्य करणारा एक गोरा, त्याची कवटीची गुहा, आणि त्याला देव मानणारे आदिवासी. बापाला तो आवडायचा, मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. पण तो काचेत ठेवून पूजायला पैसे मोजणारी माणसं, लायन मॅनचं नाव सांगितलं तर तोंडाकडं बघतात.

कुणी म्हणेल, काळ्यांच्या कॉमिकला भाव आला हा सन्मानच नाही का? नाही. इव्हान्स १९७१ ला वारला. त्याला कागद हवा होता, लिलाव नको होता. त्याचा सन्मान केला तो क्रिस रॉबिन्सननं. ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’वर आता कुणाचा मालकी हक्क नाही. लोकांकडून वर्गणी काढून त्यानं ७५ वर्षांनिमित्त तो अख्खा अंक पुन्हा छापला, त्यात आजच्या काळ्या लेखक-चित्रकारांच्या नव्या गोष्टी घातल्या, आणि २०२४ साली त्याला आयस्नर पुरस्कार मिळाला. लिलाववाल्याला पुनर्मुद्रणाची किंमत शून्य. मला तीच प्रत हवी, मळकी, दहा हातांतून गेलेली.

आणि आपले अंक? सायक्लोस्टाइलवर काढलेले, पिना गंजलेले, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या पोटमाळ्यावर, पावसात भिजून चिकटलेले. आज रद्दीवाला किलोनं नेतो. उद्या एखादा गाडीतून उतरेल, पातळ आवाजात विचारेल, काका, जुने पेपर आहेत का हो, आणि शंभर रुपये हातावर टेकवून गठ्ठा नेईल. परवा तोच गठ्ठा काचेत दिसेल, बाजूला चिठ्ठी, दुर्मिळ.

तेव्हा ज्याच्या घरी आहेत त्यानं विकायच्या आधी मला कळवा. विकू नका असं मी म्हणत नाही, पोटाला लागतं तेव्हा ताम्रपटसुद्धा माणूस विकतो. एक रात्र द्या फक्त. मोबाइलवर एकेक पान टिपू, फाटलेली जुळवू, आणि पुढच्या महिन्यात प्रेसवर पाचशे प्रती काढू. कागदाचा भाव विचारून आलोय, परवडतो.