एका ओळीच्या निरोपासाठी अख्खी लायब्ररी कशाला?

२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने एक्सझेड नावाच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्याने शोध सुरू केला होता.

आता गंमत बघा. एक्सझेडचं काम फाइल दाबून लहान करणं. ओपनएसएसएचचं काम लांबून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करू देणं. दोघांचा थेट संबंधच नाही! मग हा दरवाजा तिथे उघडला कसा?

सर्व्हर सुरू झाल्यावर सिस्टमडीला ‘मी तयार आहे’ असा निरोप द्यावा लागतो. त्यासाठी डेबियन, फेडोरा वगैरेंनी ओपनएसएसएचला स्वतःचा पॅच लावून लिबसिस्टमडी जोडली. लिबसिस्टमडीला लॉग वाचण्यासाठी एक्सझेडची लिबएलझेडएमए लागायची. आमच्या इंद्रलोकमध्ये गेटवरचा वॉचमन पाहुण्याचं नाव वहीत लिहितो, पण त्याच्यासोबतचे दोघे तसेच आत जातात. तसंच हे झालं.

आणि तो निरोप केवढा? एका सॉकेटवर ‘रेडी=१’ एवढाच मजकूर पाठवायचा. थोड्या ओळींचा कोड पुरतो. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ ने नेमकं तेच केलं. निरोप पाठवायचा कोड स्वतःच लिहिला, लिबसिस्टमडीची गरज संपली. सिस्टमडीनेही २५६ व्या आवृत्तीत अशा लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच लोड करायची पद्धत आणली. हा बदल चोरदरवाजा उघडकीला येण्याआधीच सुरू झाला होता, हे विशेष.

मग सगळ्याच डिपेंडन्सी काढून टाकायच्या का? माझ्या मते नाही. एन्क्रिप्शनसारखा अवघड कोड प्रत्येकाने घरी लिहायला घेतला, तर चुका वाढतील. प्रश्न असा विचारावा: मला यातलं किती लागतं, आणि त्यासोबत आणखी कोण आत येतंय? दहा ओळींच्या कामासाठी अख्खी लायब्ररी नको. अवघड कामासाठी मात्र नीट सांभाळलेली लायब्ररीच बरी.

‘नीट सांभाळलेली’ हा शब्द महत्त्वाचा. एक्सझेड अनेक वर्षं मुख्यतः एकच माणूस, लासे कॉलिन, बिनपगारी सांभाळत होता. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी २०२१ पासून मदतीच्या निमित्ताने त्याचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घात केला. बहुतेक स्थिर डिस्ट्रोंपर्यंत त्या पोचण्याआधीच प्रकार उघड झाला, म्हणून वाचलो.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टमडी नसतं, त्यामुळे फोनला याचा थेट धोका नव्हता. पण तुम्ही रोज वापरता त्या बहुतेक अ‍ॅप्सचे सर्व्हर लिनक्सवरच चालतात. तिथली प्रत्येक नको असलेली साखळी तोडली, की तुमचा डेटा थोडा जास्त सुरक्षित होतो. कोड लिहिणाऱ्यांनो, पुढची लायब्ररी जोडण्याआधी तिच्यामागे कोण उभंय, ते एकदा बघाच.