घावनाचें उलथणें आणि ओढलेला बिंदु

गेल्या चातुर्मासापासून आमच्या घरीं घावन होईनासे झाले. पीठ नव्हतें किंवा तवा नव्हता असें नाहीं. वहिनींचा उजवा हात चालेना. संधिवातानें बोटें वळेनाशीं झालीं आणि उलथण्याची पातळ लोखंडी पट्टी त्यांच्या मुठींत राहीना. सुनांनीं ‘आम्ही करतों’ म्हणून पुष्कळ सांगितलें. पण चाळीस वर्षें ज्या तव्यावर आपला अंमल चालला, तो दुसऱ्याच्या हातीं देऊन स्वस्थ बसून खाणें वहिनींना रुचेना. त्यांनीं घावन खाणेंच सोडलें. घरांत कोणी त्याविषयीं बोललें नाहीं, पण सर्वांस तें डांचत होतें.

धाकट्या बंधूंची कन्या येथल्याच महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकते. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळानें हें महाविद्यालय २०१२ सालीं वेळणेश्वरीं काढलें. मला मॅट्रिकसाठीं गांव सोडावें लागलें होतें. ही मुलगी घरचें जेवून पदवी घेणार. ती एके दिवशीं म्हणाली, “काका, मी काकूंसाठीं पट्टीवर बसेल अशी जाड मूठ करतें. त्यांच्याच हाताच्या मापाची.” तिनें कणकेचा गोळा वहिनींच्या हातांत दाबून घेतला, त्यावरून मापें काढलीं, आणि संगणकावर एक लांबट ठोकळा काढून त्यांत पट्टीसाठीं सरळ खाच पाडली. आतां त्या ठोकळ्यास मुठीचा आकार द्यावयाचा होता.

मी चष्मा लावून शेजारीं बसलों होतों. म्हटलें, “त्यांत काय आहे? कोपरा धर आणि ओढ. शाडूच्या गणपतीस आपण तसेंच करतों.”

“काका, शाडूला कोपरा ठाऊक नसतो. ह्याला असतो.”

हें उत्तर मला प्रथम उद्धटपणाचें वाटलें. मग तिनें समजावून दिलें. संगणकांत घनाकृति असते ती मातीच्या गोळ्यासारखी नव्हे, तर यादीसारखी: इतके कोपरे, इतक्या कडा, इतकीं पृष्ठें, आणि कोण कोणास लागून आहे. साध्या घनास ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठें. कोपऱ्यांतून कडा वजा करून पृष्ठें मिळवलीं कीं २ उरतात, हा ऑयलरनें १७५० सालीं सांगितलेला नियम. आतां एक कोपरा धरून तिरका ओढावा. तेथें तीन पृष्ठें मिळतात, आणि प्रत्येकाचे उरलेले तीन कोपरे जागचे हललेले नाहींत. तीन बिंदूंनीं प्रतल ठरून जातें. चौथा बिंदु त्या प्रतलाबाहेर गेला, तर पृष्ठ सपाट राहणार कसें? वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुना चौरंग आहे त्यांस हें सांगणें नको. तिवई कशाहि जमिनीवर डुगडुगत नाहीं; चौरंगाचा चौथा पाय जरा आंखूड असला कीं सत्यनारायणाचा कलश हिंदकळतो.

तेव्हां यंत्रानें काय करावें? प्रत्येक पृष्ठास कर्णावर घडी घालावी, म्हणजे ९ पृष्ठें, १५ कडा आणि ८ कोपरे होतात (मीं पाटीवर मांडून पाहिलें, दोनच उरतात). नाहींतर पृष्ठास पीळ द्यावा. दुखऱ्या तळव्यास घडी बोचणार, म्हणून मुलीनें तिसरी युक्ति योजिली. सेडरबर्ग आणि पॅरी ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९८६ सालीं ती प्रसिद्ध केली. वस्तूस हात न लावतां तिच्याभोंवतीं बिंदूंचा एक काल्पनिक पिंजरा उभारावयाचा आणि बिंदु ओढावयाचे ते त्या पिंजऱ्याचे. आंतील सबंध अवकाशच वांकतें, आणि त्याबरोबर वस्तूहि. खरवसाच्या वडींत बेदाणा असावा आणि वडीचा कोपरा दाबतांच बोट न लागतां तो सरकावा, तसें.

किती सरकावा ह्याचाहि हिशेब आहे, आणि तो ऐकून मात्र मी खुर्चींत ताठ बसलों. पिंजऱ्याच्या लांबीवर चार रांगा असल्या, तर मध्यावरच्या भागावर त्यांचा अधिकार अनुक्रमें १, ३, ३, १ असा असतो, एकूण ८. म्हणजे दुसरी रांग ८ मिलिमीटर ओढली तर मध्य ३ मिलिमीटर हलतो. मोटारीच्या पत्र्याचे वक्र काढण्यास फ्रान्समधील रेनो कारखान्याच्या बेझिए ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत हाच हिशेब वापरला. पण १, ३, ३, १ ही ओळ मीं आयुष्यभर दुसऱ्याच नांवाखालीं शिकविली आहे! तीन अक्षरांचे गण आठ: सर्वगुरु मगण एक, एक लघु असलेले तीन, दोन लघु असलेले तीन, आणि सर्वलघु नगण एक. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकांत टीका लिहिणाऱ्या हलायुधानें जो मेरुप्रस्तार मांडला, त्यांतीलच ही ओळ. गण कोठें आणि उलथण्याची मूठ कोठें! मीं हें चारदां सांगितलें. पुतणीनें तीनदां ऐकून घेतलें.

थरावर थर देऊन वस्तु घडविणाऱ्या यंत्रांतून दोन दिवसांनीं मूठ तयार होऊन आली. तळहाताकडे पोट, वर मध्यावर अंगठ्यास खोबण, दिसण्यांत सुबक. पण पट्टी दोन बोटें आंत गेली आणि अडकली. मुठीबरोबर आंतली खाचहि वांकली होती. तो बेदाणा सरकल्याचें आम्हां दोघांच्याहि ध्यानांत आलें नव्हतें. मुलगी रडवेली झाली. वहिनी “असूं दे बाळ” इतकेंच म्हणाल्या आणि उलथणें पुन्हां फडताळांत गेलें. त्या ‘असूं दे’नें मला अधिक वाईट वाटलें.

रात्रीं मी तिला शुल्बसूत्रांतील चितींविषयीं सांगत बसलों. चिति श्येनाच्या आकाराची करा कीं रथचक्राच्या, क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुषच राहिलें पाहिजे. काय ढळूं द्यावयाचें नाहीं तें आधीं ठरतें. तिला हें पटलें कीं तिनें माझें मन राखलें, कळत नाहीं. तिनें केलें तें असें: क्रमच उलटा केला. आधीं खाचेवांचूनचा भरीव ठोकळा पिंजऱ्यानें वांकविला, आणि मग त्यांतून सरळ खाच वजा केली. व्याकरणांतहि कोणता नियम आधीं लागला ह्यावर रूप ठरतें, तसाच हा प्रकार.

एक अडचण उरली. खोबणीपाशीं खाचेवरील भिंत दीडच मिलिमीटर राहत होती. तिला तीन हवी होती. मीं तोंडीं हिशेब सांगितला: दीड वाढवावयाची तर त्या बाजूची दुसरी रांग चार मिलिमीटर बाहेर घे. तिनें घेतली. यंत्रानें भिंत बरोबर तीन दाखविली. निवृत्त शिक्षकास ह्याहून अधिक काय हवें?

दुसरी मूठ पट्टीवर हलक्या ठोक्यानें बसली. वहिनींचा पहिला घावन फाटला. दुसरा सबंध उलटला, तो त्यांनीं पुतणीच्या पानांत वाढला आणि म्हणाल्या, “मूठ चांगली आहे हो. पण पांढरी कशाला केलीस? चार दिवसांत हळदीनें पिवळी होईल.”