रोटाव्हेटरची थरथर व शाफ्टचा कोन

कपाशीचा हंगाम आटोपला की सावंगी (मेघे) परिसरातील काळ्या जमिनीत रोटाव्हेटर फिरू लागतो. धुऱ्याशी वळताना चालू यंत्र उचलले जाते, शाफ्ट थरथरू लागतो आणि दोष क्रॉसच्या माथी मारला जातो. नवा क्रॉस घालूनही थरथर राहते, कारण बहुधा दोष कोनात असतो.

सांधा वाकला की त्यापुढील शाफ्ट समगतीने फिरत नाही. पीटीओची गती मिनिटास ५४० फेरे धरल्यास, ३० अंशांच्या कोनात शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा ४६८ पर्यंत उतरते व ६२४ पर्यंत चढते. कोन १० अंशांचा असेल तर हीच गती ५३२ ते ५४८ या दरम्यान राहते. दुसऱ्या टोकाचा सांधा हा चढउतार नाहीसा करतो. मात्र दोन्ही कोन सारखे हवेत आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही काटे एका रेषेत हवेत. चौकोनी शाफ्ट जोडताना फिरून बसला, तर नवा क्रॉसही लवकरच झिजणार.

म्हणून क्रॉस बदलण्यापूर्वी, इंजिन बंद करून, काटे व टॉपलिंक तपासावी, आणि पीटीओ थांबवूनच यंत्र उचलावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात वेळ मोडतो ही तक्रार आम्हांस मान्य नाही. वळणास लागतात ते चार क्षण!

शाफ्टवरील आवरण काढून ठेवण्याची रीत तर सर्वथा निषेधार्ह होय. सेकंदास नऊ फेरे घेणाऱ्या शाफ्टात धोतराचा सोगा वा लुगड्याचा पदर सापडल्यास मागे सरण्यासही अवसर मिळत नाही. आवरण नसेल तेथे सहायक कृषी अधिकाऱ्यांनी प्रात्यक्षिक करू नये.